प्रबंध एकच, म्हणून प्रतही एकच?

सबमिशनचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी कुठला लॅपटॉप घेऊ, कुठला कोर्स लावू, असं विचारणारी मुलं अचानक ‘मॅडम, फाइल गेली’ असं लिहायला लागतात. यंदा अशी पत्रं इतकी आली आहेत की हा अंक त्यांनाच देते आहे. मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सांभाळते. जे रोज समोरच्या मशीनवर बघते तेच इथे सांगते. पहिल्या पत्राला घाई आहे, म्हणून ते आधी.

प्रश्न : मॅडम, मी एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा लघुप्रबंध पेनड्राइव्हमध्ये होता. परवा बहिणीच्या लॅपटॉपला लावला तर ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा’ असा संदेश आला. मी घाबरून ‘कॅन्सल’ केलं. माझ्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही. अर्धं टायपिंग गावातल्या टायपिंगवाल्या काकांकडे श्रीलिपीत झालंय, अर्धं मी बहिणीच्या लॅपटॉपवर केलंय. पंधरा दिवसांत सरांना द्यायचा आहे. सगळं गेलं का? — एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : ‘कॅन्सल’ केलंस ते फार चांगलं केलंस. सगळं गेलं असं धरून चालू नकोस. मात्र आता त्या पेनड्राइव्हमध्ये नवीन काहीही टाकायचं नाही, आणि ‘लावून तर बघू’ म्हणत दहा मशीनना लावत फिरायचंही नाही.

पेनड्राइव्हशी झटण्याआधी एक शोध घे, कारण हरवलेले प्रबंध बहुतेक वेळा इथेच सापडतात. तुझ्या मेलमध्ये ‘सेंट’ उघड. सरांना एखादं प्रकरण तपासायला पाठवलं असशील, तर ते अजून तिथेच आहे. व्हॉट्सअॅपवर पाठवलं असेल तर तुझ्या आणि सरांच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये व्हॉट्सअॅपच्या फोल्डरात ‘डॉक्युमेंट्स’ बघायला सांग. ‘परत डाउनलोड होत नाही’ असं दिसलं म्हणून सोडून देऊ नका. सर्व्हरवरून फाइल गेलेली असली तरी मोबाइलमध्ये ती अनेकदा असते. काकांच्या संगणकावर तर त्यांनी टाइप केलेला अर्धा भाग असणारच, तो आजच्या आज मागून घे. ज्या दुकानातून कच्ची प्रत छापून घेतलीस, तिथल्या संगणकाचं ‘डाउनलोड्स’ बघायची विनंती कर. साहित्यचौर्य तपासणीसाठी ग्रंथालयात काही दिलं असेल तर तिथेही विचार. बहिणीच्या लॅपटॉपवर वर्ड उघडून ‘फाइल’मध्ये ‘इन्फो’, तिथे ‘मॅनेज डॉक्युमेंट’ आणि त्यात ‘रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स’ हेही बघ. प्रकरणं सुटी सुटी सापडतील, जुनी-नवी सापडतील. ती जोडायला दोन दिवस लागतील, पण पंधरा दिवसांत हे होण्यासारखं आहे.

आता पेनड्राइव्ह. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये त्याची क्षमता बरोबर दिसत असेल, म्हणजे ३२ जीबीचा पेनड्राइव्ह ३० जीबीच्या आसपास आणि पुढे ‘रॉ’ असं लिहिलेलं, तर आशेला चांगली जागा आहे. कुठली फाइल कुठे आहे याची नोंद बिघडलीय, फायली बहुधा जागेवर आहेत. ‘टेस्टडिस्क’ आणि त्याच्याबरोबर येणारं ‘फोटोरेक’ हे दोन्ही प्रोग्राम फुकट मिळतात. फोटोरेक नावाप्रमाणे फक्त फोटो शोधत नाही, वर्डच्या फायलीही शोधतं. फायलींची मूळ नावं मात्र मिळत नाहीत, आकड्यांच्या नावाचे ढीग मिळतात आणि एकेक उघडून बघावी लागते. सापडलेलं सगळं लॅपटॉपवर उतरवायचं, त्याच पेनड्राइव्हवर नाही. क्षमता शून्य दिसत असेल किंवा पेनड्राइव्ह लावताच तापत असेल, तर प्रोग्रामचा उपयोग नाही. मग डेटा परत मिळवून देणाऱ्या माणसाकडे जावं लागतं आणि तो खर्च मोठा असतो. वरच्या शोधात किती मिळालं ते बघूनच त्याचा विचार कर.

तुझ्या पत्रातली श्रीलिपीची गोष्ट मला जास्त टोचली, कारण ती तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमचे जुने फॉन्ट यांत मराठी अक्षराच्या जागी आतून रोमन चिन्हांचे कोड साठवलेले असतात. तो फॉन्ट मशीनवर असला की मराठी दिसतं, नसला की पानभर निरर्थक रोमन अक्षरं. म्हणजे फाइल सुखरूप राहूनही प्रबंध हरवू शकतो. दहा वर्षांनी पीएच.डी. करताना तुला हाच लघुप्रबंध उघडावासा वाटेल आणि तेव्हा तो फॉन्ट असलेलं मशीन शोधत हिंडावं लागेल. त्यामुळे काकांकडून दोन गोष्टी घे. एक, वर्डची फाइल. दुसरी, त्यांच्याच मशीनवर बनवलेली पीडीएफ, जिच्यात फॉन्ट आत बसलेला असतो. ती कुठेही मराठीतच दिसते. पण त्या पीडीएफमधून मजकूर उचलायला गेलीस तर पुन्हा रोमन कचराच हाती येतो. म्हणून वर्डची फाइल कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे मराठी अक्षरांना स्वतःचे कोड असतात त्या पद्धतीत, बदलून घे आणि मग शब्दन् शब्द वाच. रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकतो, ‘पुऱ्या’तला ऱ्य मोडतो, पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाऊन बसते. हे वाचन कंटाळवाणं आहे. तरी कर, कारण पुढचं सगळं काम त्यावर उभं राहील.

आणि यापुढे ठेवायचं कसं? पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम जगभर वापरतात. तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. तुझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच : काम बहिणीच्या लॅपटॉपवर, रोज काम संपवून उठताना त्याची प्रत तुझ्या स्वतःच्या गूगल ड्राइव्हवर, आणि आठवड्यातून एकदा नव्या पेनड्राइव्हवर. जुन्यावर नवी फाइल चढवू नकोस. नावात तारीख घालून वेगळी ठेव. प्रकरण तीनमधलं अर्धं चुकून पुसलं गेलं आणि तसंच सेव्ह झालं, तर कालची फाइलच उपयोगी पडते. पेनड्राइव्ह सोडला तर यासाठी एक पैसाही लागत नाही. चित्रं नसलेला दोनशे पानांचा प्रबंध काही एमबींतच मावतो आणि गूगल १५ जीबी फुकट देतं. फक्त ते १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत. लग्नाचे व्हिडिओ त्यात भरले असशील तर ते आधी हलव.

आठवड्यातून एकदा ड्राइव्हवरची फाइल मोबाइलवर उघडून शेवटचं पान बघत जा. चढवताना अर्ध्यात नेट गेलं होतं का, हे तिथेच कळतं.

प्रश्न : २०२५च्या जुलैत गूगलने विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी २ टीबी फुकट दिले होते ते मी घेतले. लॅपटॉपवर जागा कमी म्हणून जवळपास ६० जीबी तिकडे टाकून लॅपटॉपवरून काढून टाकलं. यंदा जुलैत मुदत संपेल. पुढे काय होईल? — बी.एस्सी. दुसरं वर्ष, जळगाव

उत्तर : मुदत संपली की तुझी मर्यादा पुन्हा १५ जीबीवर येईल. फायली त्या दिवशी पुसल्या जात नाहीत, पण तू मर्यादेच्या वर असशील. वर असलेल्या खात्यात नवीन काही चढवता येत नाही आणि जीमेलवर मेल येणं-जाणंही बंद होतं. प्रवेशाच्या, परीक्षेच्या, शिष्यवृत्तीच्या ऐन दिवसांत मेल बंद पडणं तुला परवडणारं नाही. दोन वर्षं तसंच वर राहिलं तर मजकूर काढून टाकण्याचा हक्क गूगलने नियमांत राखून ठेवला आहे. शिवाय पैसे भरण्याचं साधन जोडून घेतलं असशील तर मुदतीआधी योजना रद्द कर, नाहीतर १,९५० रुपये महिना सुरू होईल. जिओच्या १८ महिन्यांच्या सवलतीत ज्यांना २ टीबी मिळाले आहेत, त्यांनीही आपली शेवटची तारीख आजच कॅलेंडरमध्ये घालून ठेवावी.

तुझा मोबाइल डेटा रोज दीड जीबीचा असेल तर ६० जीबी परत उतरवायला चाळीस दिवसांचा सगळा डेटा लागतो. जुलैची वाट बघू नकोस. महाविद्यालयाच्या वायफायवर, गर्दी नसताना, आत्तापासून थोडं थोडं हार्डडिस्कवर उतरव. ६० जीबीतलं नेमकं काय हवंय तेही बघ. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या अशा साठ्यात बहुतेक वेळा लेक्चरची रेकॉर्डिंग आणि सिनेमे असतात. ज्याचा घाम गळलाय असं म्हणावं, ते प्रॅक्टिकलचे डेटाशीट, प्रोजेक्ट, नोट्स, सगळं मिळून १५ जीबीत बसतं.

दुसरी गोष्ट तू विचारलेली नाहीस, पण तुझ्या वाक्यात ती दडलेली आहे. ‘तिकडे टाकून इकडून काढलं’ याला साठवण म्हणतात, बॅकअप नाही. प्रत तेव्हाही एकच होती, फक्त तिचा पत्ता बदलला. लॅपटॉपचा फोल्डर ड्राइव्हशी जोडून ठेवला तर दोन प्रती दिसतात, पण एका ठिकाणी पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं. ड्राइव्हच्या कचरापेटीत ते ३० दिवस राहतं, मग कायमचं जातं. रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा विषाणू, शिरलं तर तेही जोडलेल्या फोल्डरातून वर चढतं. आमच्याकडे हा विषाणू बहुतेक वेळा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला दिसतो. फायलींच्या नावांना भलतीच शेपटी (एक्स्टेन्शन) लागते आणि एकही उघडत नाही. अशा वेळी कामाला येते ती फक्त काढून कपाटात ठेवलेली हार्डडिस्क.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या फायली खूप मोठ्या असतात. हार्डडिस्क घेऊन द्यावी की क्लाउडचे पैसे दरमहा भरावेत? आम्हाला यातलं कळत नाही, एकदाच काय ते घेऊन टाकावं असं वाटतं. — एक पालक, सातारा

उत्तर : तुमच्या मुलीच्या शाखेसाठी आधी हार्डडिस्क घ्या. रेव्हिट आणि स्केचअप या प्रोग्रामच्या फायली, रेंडर केलेली चित्रं आणि वॉकथ्रूचे व्हिडिओ यांनी एका सत्रात शंभर जीबी सहज भरतात. तेवढं हॉस्टेलच्या नेटवरून रोज वर चढवणं व्यवहार्य नाही. एक-दोन टीबीची, फिरत्या तबकडीची साधी पोर्टेबल हार्डडिस्क पुरे. एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिप असलेली डिस्क, वेगवान असते आणि पडली तरी सहसा टिकते, पण महिनोन् महिने वीज न देता कपाटात ठेवायला मी तबकडीवालीच सुचवते. तबकडीवालीची मोठी शत्रू एकच, चालू असताना लागलेला धक्का. ती गादीवर ठेवून त्यावर लॅपटॉप टेकवून काम करणारी मुलं मी रोज बघते. फायली जात असताना ती टेबलावर सपाट असावी, आणि ‘इजेक्ट’ केल्याशिवाय वायर ओढू नये. पावसाळ्यात झिपच्या पिशवीत सिलिकाची पुडी टाकून ठेवा.

ऑनलाइन दुकानांत पाच-सातशे रुपयांत १६ टीबीचा पेनड्राइव्ह दिसला तर तो घेऊ नका. आत छोटीशी चिप असते आणि संगणकाला मोठा आकडा सांगण्याची सोय केलेली असते. खरी जागा भरली की पुढच्या फायलींची नावं दिसतात, आत काहीच नसतं. कुठलीही नवी डिस्क आली की ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ (H2testw) नावाच्या फुकट प्रोग्रामने ती पूर्ण भरून-वाचून तपासता येते. मुलीला सांगा, ती करेल.

आता ही डिस्क कुठे ठेवायची, हे तुम्ही घ्याल त्या कंपनीपेक्षा महत्त्वाचं आहे. बहुतेक मुलं ती लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवतात. एसटीत बॅग गेली की दोन्ही गेलं. डिस्क हॉस्टेलच्या कपाटात राहू दे आणि बॅग रोज कॉलेजात जाऊ दे. जमलं तर दुसरी एक डिस्क साताऱ्याला घरी ठेवा. ती सुट्टीला आली की झालेलं सत्र त्यावर उतरवायचं.

क्लाउड अगदीच नको असं नाही. चालू प्रोजेक्टचा एकच फोल्डर रोज वर जायला हवा, कारण ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे प्रोजेक्ट मांडायच्या, आदल्या रात्री लॅपटॉप बंद पडतो तेव्हा मित्राच्या मशीनवर तोच उघडायचा असतो. पण तो फोल्डर पूर्ण हवा. ऑटोकॅडच्या एका ड्रॉइंगला दुसरी ड्रॉइंगं, चित्रं, फॉन्ट बाहेरून जोडलेले असतात. नुसती ड्रॉइंगची डीडब्ल्यूजी फाइल नेली तर दुसऱ्या मशीनवर अर्धा नकाशा गायब दिसतो. ऑटोकॅडमध्ये ‘ई-ट्रान्समिट’ अशी आज्ञा आहे, ती जोडलेलं सगळं एकत्र बांधून देते. तिला हेही सांगा, की डीडब्ल्यूजी बिघडली तर शेजारी त्याच नावाची ‘बॅक’ (.bak) शेपटीची फाइल असते. त्या फाइलची आणखी एक प्रत करून शेपटी डीडब्ल्यूजी केली की आधी सेव्ह केलेला नकाशा उघडतो. स्केचअपमध्ये तीच सोय ‘एसकेबी’ नावाने आहे. मुलं ‘कचरा’ समजून या फायली पुसतात.

‘एकदाच काय ते’ मात्र यात नाही. हार्डडिस्क काही वर्षांत थकते. पदवी होईपर्यंत ती बदलायची तयारी ठेवा.

प्रश्न : लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलून आणला. आता चालू केला की निळ्या पडद्यावर ४८ आकडी बिटलॉकर की मागतो. मी कधीच लॉक लावलं नव्हतं. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट करू. — डिप्लोमा, सोलापूर

उत्तर : त्याला थांबव. तू लावलं नसलं तरी नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. मदरबोर्ड बदलला की लॅपटॉप ओळख विसरतो आणि किल्ली मागतो. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जा, ‘डिव्हाइसेस’मध्ये रिकव्हरी की बघ, आणि निळ्या पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळतात का ते तपास.

तिथे काहीच दिसलं नाही तर आठव : लॅपटॉप घेतला त्या दिवशी तो सुरू करून कोणी दिला होता? दुकानातल्या मुलाने घाईत स्वतःच्या किंवा दुकानाच्या मेलवर चालू करून दिला असेल, तर किल्ली त्याच्याकडे आहे. बिल घेऊन तिथे जा. भाऊ, मामा, वर्गमित्र, ज्याने ज्याने त्यावर आपलं खातं उघडलं असेल त्यांनाही विचार. किल्ली कुठेच मिळाली नाही तर ती मायक्रोसॉफ्टही देऊ शकत नाही, आणि आतलं सगळं गेलं.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आज आपली किल्ली शोधून वहीत लिहून ठेवा. त्याच पानावर गूगल खात्याचे दहा बॅकअप कोडही लिहा. लोकलमध्ये मोबाइल चोरीला गेला की ओटीपी येत नाही. मग ड्राइव्हवर सगळं असूनही आत शिरता येत नाही.

प्रश्न : आम्ही चौघांनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कॉलेजच्या मेलच्या ड्राइव्हवर ठेवलाय. चौघांनाही शेअर आहे, म्हणजे चार प्रती झाल्या ना? — अभियांत्रिकी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही, प्रत एकच आहे. शेअर म्हणजे चौघांना एकाच खोलीची दारं. फाइल ज्याच्या खात्याने बनवली त्याच्या मालकीची असते आणि ते खातं काढून टाकलं की फाइलही जाते. पास झाल्यावर कॉलेजची खाती बंद होतातच. पूर्वी शिक्षणसंस्थांना गूगलवर अमर्याद जागा होती. २०२२पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी मिळतात. पाच हजार मुलांच्या कॉलेजात ते माणशी २० जीबी होतात. त्यामुळे संस्था जुनी खाती आता लवकर काढतात आणि त्यांचाही नाइलाज आहे.

निकालाची वाट न बघता गूगलच्या ‘टेकआउट’मधून सगळं उतरवून घ्या. संस्थेने परवानगी ठेवली असेल तर तिथेच ‘ट्रान्सफर’ करून थेट स्वतःच्या जीमेलवरही नेता येतं, त्याला काही दिवस लागतात. आणि हे चौघांनी वेगवेगळं करा. कोड असेल तर तो गिटहब या कोड साठवायच्या संकेतस्थळावर खासगी ठेवा, २०१९पासून ते फुकट आहे. प्रत्येकाच्या मशीनवर उतरवलेल्या प्रतीत बदलांचा सगळा इतिहास असतो, त्यामुळे तिथे खरोखर चार प्रती होतात. १०० एमबीपेक्षा मोठी फाइल मात्र गिटहब घेत नाही. तुमचा डेटासेट हार्डडिस्कवर ठेवा.

‘मोठ्या कंपनीकडे किंवा सरकारकडे आहे, म्हणजे सुरक्षित’ असंही तुम्ही पत्रात लिहिलंय. सप्टेंबर २०२५मध्ये दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचारी कामाच्या फायली ज्या जी-ड्राइव्हवर ठेवत, तो जळाला. ८५८ टीबी डेटा होता आणि आकार फार मोठा म्हणून त्याची दुसरीकडे प्रतच ठेवलेली नव्हती.

प्रश्न : झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला की शॉर्टकट व्हायरस येतो. उपाय? — बी.ए., चिपळूण

उत्तर : छपाईसाठी वेगळा, कमी क्षमतेचा पेनड्राइव्ह ठेव आणि त्यात फक्त त्या दिवशी छापायची पीडीएफ असू दे. शॉर्टकट दिसायला लागले तर त्यावर क्लिक करू नकोस. तुझ्या फायली सहसा आतच, लपवलेल्या असतात. फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये लपलेल्या फायली दिसायची सोय चालू करून त्या आधी बाहेर काढ आणि मग पेनड्राइव्ह फॉरमॅट कर. दुकानाच्या संगणकावर मेल किंवा व्हॉट्सअॅप उघडायची वेळ आलीच, तर घरी पोचायच्या आत मोबाइलमधल्या व्हॉट्सअॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून तो संगणक काढून टाक, आणि गूगल खात्यातही ‘युअर डिव्हाइसेस’मध्ये जाऊन तिथून साइन आउट कर.